मणभर दुधाच्या गाड्या

उन्हाळ्यात सोलापूरची दुपार ही कामाची वेळ नव्हे, हे बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावे लागते. जेवणानंतर नवी पेठेतील रहदारी आटते, दुकानदार गल्ल्यावरच डुलक्या घेऊ लागतात आणि आमच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात एकही अशील फिरकत नाही. नेमक्या याच वेळी माझा पुतण्या आणि त्याचे मित्र आमच्या मागच्या खोलीत जमतात, कारण तिथला एसी त्यांच्या कोणाच्याही घरच्या कूलरपेक्षा बरा आहे आणि तिथे त्यांच्यावर ओरडणारे कोणी नसते. मी समोर विवरणपत्रे उघडी ठेवून त्यांचे ऐकत बसतो. परवाच्या दुपारी आवाज इतके चढले की शेजारचा कापड दुकानदार भांडण सोडवायला आत आला. वाद चालला होता तो असा : दहा लाखांच्या आतबाहेर मिळालेली खरी स्पोर्ट्स कार कोणती?

एकाचा कौल पोलो जीटी टीएसआयला होता. ही गाडी 2013 मध्ये आली तेव्हा हा मुलगा दुसरीत होता, पण तिचे इंजिन 1197 सीसीचे आणि ताकद 105 पीएसची हे तो पाढ्यासारखे म्हणून दाखवतो. दुसऱ्याने त्यावर टोला हाणला, की जिचे गिअर डीएसजी पेटी स्वतःच बदलते ती कसली स्पोर्ट्स कार, ती तर तुझ्या मावशीची गाडी. त्याचे दैवत 2015 ची अबार्थ पुन्टो, 145 अश्वशक्तीची, हाताने गिअर टाकावे लागणारी. तिसऱ्याने 2018 ची टियागो जेटीपी काढली, जी कोइम्बतूरच्या जयम कंपनीच्या हातून 114 पीएसची होऊन अवघ्या 6 लाख 39 हजारांना बाजारात आली होती. माझा पुतण्या या तिघांनाही मानत नाही. “पुढची चाकं ओढतात बे ती,” तो म्हणाला, “स्पोर्ट्स कार मागनं ढकलायला पाहिजे.” मागच्या चाकांचा विषय निघाला, की वादाला निदान तासभर मरण नसते.

कारण मग सगळे हिरोशिमाला जातात. तिथल्या माझ्दा कंपनीची एमएक्स-5 ही गाडी फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन आसने, उघडे छत, पुढे 1.6 लिटरचे साधे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि वजन एका टनाच्या आत. इंग्रजांच्या जुन्या लोटस एलानची मजा, पण रोज सकाळी न कुरकुरता सुरू होणारी, असा तिचा सगळा बेत होता. 2016 पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. भारतात कंपनीने ती विकली नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे मागच्या खोलीतील एकाही मुलाने ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरीही तिच्या गिअरचा दांडा किती आखूड हलतो, याचे वर्णन ते हाताने हवेत करून दाखवतात. तिच्या पाठोपाठ 2012 ची टोयोटा 86 येते. तिला कंपनीने मुद्दाम प्रियससारख्या काटकसरी गाडीला बसवतात ते कमी पकडीचे टायर दिले, म्हणजे वळणावर मागची बाजू थोड्या वेगातही घसरावी आणि चालवणाऱ्याला गंमत यावी. ज्या गावात पहिल्या पावसानंतर प्रत्येक दुचाकी विनासायास घसरते, तिथे ही सोय पैसे देऊन घ्यावी लागते हे ऐकून मला हसू आले, परंतु ते मी विवरणपत्रात लपवले.

माझा स्वतःचा रस वेगळ्या ठिकाणी आहे. या मुलांच्या लाडक्या गाड्यांचे आकडे ऐकताना मला 1197, 1199 असे अर्धवट वाटणारे आकडे पुन्हा पुन्हा भेटतात, आणि त्यांचे मूळ कारखान्यात नसून 2006 च्या अर्थसंकल्पात आहे. त्या वर्षी चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि 1200 सीसीच्या आतील पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले. त्या दिवसापासून आपल्याकडची गाडी अभियंत्याने आखायच्या आधी शुल्काच्या तक्त्याने आखली. डिक्क्या छाटल्या गेल्या, बंपर चपटे झाले, आणि ज्याला वेग हवा त्याने इंजिन मोठे न करता त्याच बाराशेच्या भांड्यात टर्बोने हवा कोंबायची, असे ठरून गेले. पोलो या रेघेच्या आत बसली. पुन्टो लांबीला आत होती, पण तिचे इंजिन 1368 सीसीचे, म्हणून ती जास्त कराच्या बाजूला गेली आणि तिची किंमत 9 लाख 95 हजारांवर पोहोचली. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कराचे दर पुन्हा मांडले गेले, तरी रेघ जिथल्या तिथे आहे. पेट्रोल गाडी तिच्या आत असेल तर 18 टक्के, बाहेर असेल तर 40. हे सर्व मी मुलांना एकदा मोठ्या उत्साहाने सांगितले. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुन्हा टायरच्या रुंदीवर जातात.

माझा आणखी एक हट्ट त्यांना सहन होत नाही. कोणीही गाडीची किंमत उच्चारली, की मी “एक्स-शोरूम का ऑन-रोड?” असे विचारल्याशिवाय राहू शकत नाही. नोंदणी, वाहन कर, विमा आणि ज्याची पावती कोणी नीट वाचत नाही ते किरकोळ आकार मिळवून होणारी रक्कमच खरी, बाकी सगळे बोलाचा भात, असे माझे मत आहे. परवाही गोल्फ जीटीआयचे नाव निघाले. युरोपात 1976 पासून ही गाडी मध्यमवर्गाला परवडणाऱ्या वेगाची खूण समजली जाते. भारतात ती 2025 मध्ये आयात होऊन आली, तेव्हा तिची किंमत 53 लाख होती. मी तोंड उघडण्याआधीच चौघांनी एका सुरात “एक्स-शोरूम, काका” असे सांगून टाकले.

या मुलांना वाटते की मला गाड्यांतले काही कळत नाही, आणि ते दुरुस्त करण्याची मला घाई नाही. पण मी पाहिलेली पहिली स्पोर्ट्स कार त्यांच्यापैकी कोणी पाहिलेली नाही. ती मी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर पाहिली. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि अक्षता पडून गेल्यावर आम्हा मुलांचा जीव मैदानातल्या मौत का कुआँकडे लागत असे. उभ्या लाकडी फळ्या जोडून केलेला तो उंच गोल, त्याच्या माथ्यावर प्रेक्षकांसाठी अरुंद कठडा, आणि तळाशी आधी दोन मोटारसायकली व नंतर दारे काढून टाकलेली पांढरी मारुती 800. ती आधी खालच्या उतरत्या कडेवर दोनचार फेऱ्या घेई, मग आवाज बदले आणि ती सरळ भिंतीवर येई. फळ्या एकामागून एक धडधडत, कठडा हातात थरथरे, पेट्रोलचा व जळक्या रबराचा वास वर येई. गाडी आमच्या पायांखालून जाताना चालक अर्धा बाहेर झुके आणि कठड्यावरून पुढे केलेली दहाची नोट अलगद काढून घेई. माझे वडील गिरणीत फिटर होते, यंत्राला भुलणारा माणूस नव्हे. त्यांनी दोन फेऱ्या शांतपणे पाहिल्या आणि म्हणाले, “वजन नाही बघ तिला. अँबॅसिडर चढवून दाखव म्हणावं.”

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने आयुष्यभर हाच हलकेपणाचा धोशा लावला, हे मला पुष्कळ उशिरा, याच मागच्या खोलीत समजले. भिंतीवर फिरणाऱ्या त्या 800 चे इंजिन तीन सिलिंडरचे, 796 सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. त्याच घराण्यातील 657 सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून सुझुकीने 1991 मध्ये जपानात कॅपुचिनो नावाची दोन आसनांची, मागच्या चाकांवर पळणारी इवलीशी गाडी काढली. आम्ही ते इंजिन भाजी आणायला आणि तुळजापूरला जायला वापरले. आपल्याकडे कोणी प्रयत्नच केला नाही असे मात्र नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, रेनोच्या इंजिनाची, दोन आसनांची उघडी गाडी बनत असे. ती आज आठवणाऱ्यांपैकी ती विकत घेणारे किती होते, हा प्रश्न मी विचारला तर खोलीत एकदम शांतता पसरते.

कारण गोम तिथेच आहे. या वादात जिंकणारी गाडी नेहमी बंद झालेली असते. पोलो 2022 मध्ये गेली, अबार्थ पुन्टो गेली, जेटीपी आली तशी दोनेक वर्षांत गेली, त्याआधी सचिन ज्याच्या जाहिरातीत होता त्या पालिओचे 1.6 इंजिनही गेले. आपल्यात मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते याहून चपखल कुठे बसेल असे मला वाटत नाही. जिवंत असताना यांतल्या एकीलाही लोकांनी रांग लावली नाही. पुन्टोचे मायलेज विचारून माघारी फिरलेले लोक मला ठाऊक आहेत, आणि त्यात माझा सख्खा भाऊ, म्हणजे याच पुतण्याचा बाप, आघाडीवर होता. गेल्या दसऱ्याला त्याने गाडी घेतली ती उंच, चौकोनी आणि चार मीटरच्या आतली, कारण वहिनींचे गुडघे दुखतात आणि विजापूर रोडवरचे गतिरोधक कोणाचीच गय करत नाहीत. रंग पुतण्याने निवडला. त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. कौतुक करायला ऐपत लागत नाही, हाच त्या खोलीचा मोठा गुण आहे, आणि दहा लाखांच्या गाडीवर तीन तास बोलून चहाचे पैसे माझ्या खात्यावर लिहिणारी मुले मला हिशेबी गिऱ्हाइकांपेक्षा जास्त आवडतात.

परवा शेवटी त्यांनी निवाडा माझ्यावर सोपवला. मी त्यांचेच निकष त्यांना मोजून दाखवले : इंजिन पुढच्या धुऱ्यावर लादलेले नको, गती मागच्या चाकांना हवी, वजन कमी हवे, गिअर हाताने टाकायचे हवेत आणि किंमत परवडणारी हवी. या सर्व अटी पूर्ण करणारी एक गाडी आपल्याकडे 1984 पासून 2019 पर्यंत विकली गेली, ती म्हणजे ओम्नी. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते आणि ढकलतात ती मागची चाके. तिघे खो खो हसले. पुतण्याने टेबलावर हात आपटला. चौथा मित्र, जो आतापर्यंत कोणत्याच गाडीच्या बाजूने बोलला नव्हता, तो मात्र हसला नाही. त्याचे वडील तशाच बांधणीच्या व्हॅनमधून शाळेची मुले ने-आण करतात.

“काका, मे महिन्यात त्या सीटवर बसून बघा,” तो म्हणाला. “खालनं इंजिन भाजतंय, म्हणून बाबा गोणपाट ओलं करून टाकतेत. आणि पुढं काहीच नसतंय. धडक बसली तर पहिल्यांदा गुडघेच.”

यावर कोणी काही बोलले नाही. मग कोणीतरी पालिओ लिटरला किती देत होती हा विषय काढला, आणि आवाज पुन्हा चढले.