लेकीचा वाढदिवस आणि मैत्रिणींचा मुक्काम, तोही कमी खर्चात

हल्ली वाढदिवस म्हटलं की हॉल, डेकोरेशनवाला, टॅटूवाला असं सगळं येतं आणि खर्च ऐकूनच पोटात गोळा येतो, म्हणून यंदा लेकीला विचारलं की मैत्रिणींना रात्री राहायलाच बोलवूया का, तर ती उड्याच मारायला लागली. मोजक्याच मुली बोलवा हं, टू बीएचकेत पाच-सहा जणी पुष्कळ झाल्या.

जेवायला पावभाजी. स्वस्त, सगळ्यांना आवडते, आणि फ्लॉवर-गाजर गपचूप पोटात जातं. केक रव्याचा, कुकरमध्ये. रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरून दहा मिनिटं तापवायचं, वर स्टँड, त्यावर केकचं भांडं, मग मंद गॅसवर साधारण पाऊण तास, सुरी खुपसली आणि कोरडी बाहेर आली की झाला. वरच्या गोळ्या मुलींनीच चिकटवल्या. औक्षण आजीने केलं.

मग खुर्च्यांना जुन्या साड्या बांधून तंबू, आत गाद्या आणि टॉर्च. भिंतीवर सावल्यांचे हरीण-कुत्रे झाले, अंताक्षरी झाली, भुताच्या गोष्टी झाल्या, टीव्हीची आठवणसुद्धा कुणाला आली नाही! मला हेच फार आवडलं.

एक मात्र करा, प्रत्येकीच्या आईला आधी फोन करून अ‍ॅलर्जी विचारा, आणि रात्री रडू आलं तर कोण न्यायला येणार तेही ठरवून ठेवा. रिटर्न गिफ्ट वगैरे काही नाही दिलं, सकाळी पोटभर पोहे खाऊन सगळ्या आपापल्या घरी गेल्या.