पट्टीवरचा चौथा मानकरी

दुसऱ्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश वृत्तछायाचित्रकाराचा संच नोंदणीसाठी माझ्याकडे आला. एका पट्टीवर शिवलेली चार पदकं आणि पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह, कॉन्टॅक्ट प्रिंट, कॅप्शनचे टाइप केलेले कागद. पदकांचा क्रम असा: १९३९-४५ स्टार, पॅसिफिक स्टार, बर्मा स्टार (स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मोहिमेचं पदक), वॉर मेडल.

हा संच नियमात बसत नाही. पॅसिफिक आणि बर्मा हे दोन्ही स्टार एकाच माणसाला देत नसत. ज्याचा हक्क आधी सिद्ध होई तो स्टार मिळायचा. दुसऱ्या आघाडीसाठी त्याच स्टारच्या फितीवर शिवायचा एक क्लास्प, म्हणजे नाव कोरलेली धातूची बारीक पट्टी. नुसत्या फिती लावायच्या वेळी क्लास्पच्या जागी चांदीचं छोटं फूल. त्यामुळे चारपैकी एक पदक उपरं होतं. कोणतं, हे धातू सांगत नाही, कारण ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या या पदकांवर नाव कोरलेलं नसतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने आपल्या माणसांची नावं पदकांवर उमटवली, ब्रिटनने तो खर्च वाचवला. या काटकसरीने नंतरच्या पिढ्यांचं किती काम वाढवलं, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. ब्रिटिश स्टारची मागची बाजू कोरी असते. एक काढून दुसरा लावला तर कुणाला पत्ता लागत नाही.

वृत्तपत्राच्या माणसाला लष्करी पदक कसं, असं बरेच जण विचारतात. अधिकृत मान्यता मिळालेले, गणवेशात वावरणारे युद्धवार्ताहर आणि छायाचित्रकार मोहिमेच्या पदकांना पात्र होते. शौर्यपदकाची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धात छायाचित्रकार ह्यूबर्ट विल्किन्सला मिलिटरी क्रॉस दोनदा मिळाला, पण तो ऑस्ट्रेलियन सैन्यात कमिशन घेतलेला अधिकारी होता. ब्रिटिश लष्कराने १९४१ मध्ये स्वतःचं फिल्म आणि छायाचित्र पथक उभारलं, त्यातली माणसंही सैनिकच. आमचा माणूस मात्र वृत्तपत्राचा, नागरिक. म्हणून त्याच्या छातीवर जे काही असेल ते फक्त 'तो तिथे होता' एवढंच सांगणार.

सुरुवात फितींपासून केली. खोली अंधारी करून अतिनील दिवा धरला. १९५०नंतर कापडात आणि धुण्याच्या साबणात चमक आणणारी रसायनं सर्रास आली, आणि ती या उजेडात निळसर पांढरी पेटतात. वॉर मेडलच्या फितीतल्या पांढऱ्या रेघा मंदच राहिल्या, बर्मा स्टारची फीत आणि संपूर्ण पट्टीचा शिवणदोरा मात्र लखलखला. एवढ्यावर निकाल देऊ नये. जुनी फीत नंतर धुतली असेल तरीही ती चमकते. म्हणून कडीतून दुमडून आत गेलेला भाग उलगडून बघायचा. दिसतं तेवढ्यावर शेरा मारून मोकळे होणारे मूल्यांकन करणारे मी पुष्कळ पाहिलेत. बर्मा स्टारची फीत आतही तितकीच चमकत होती.

मग कळंक. डब्यातल्या निगेटिव्हपैकी काही नायट्रेट फिल्मची निघाली: पिवळट, कडेला चिकट, नाकाला झोंबणारा वास, काठावर 'सेफ्टी' हा नायट्रेट नसलेल्या फिल्मवरचा छापील शब्द नाही. नायट्रेट कुजताना नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, दमट हवेत त्यांचं आम्ल होतं आणि ते तांब्याच्या मिश्रधातूला खातं. पदकं आणि निगेटिव्ह एकाच बंद डब्यात ठेवण्यासारखा दुसरा अपराध नाही, आणि घराघरांत 'आजोबांच्या सगळ्या वस्तू एकत्र' म्हणून नेमकं हेच करतात. फिल्म लगेच वेगळ्या, थंड, हवेशीर जागी हलवली. १९३९-४५ आणि पॅसिफिक या दोन्ही स्टारांवर हिरवा कळंक दाणेदार चढला होता, वॉर मेडलवरही कडेला थोडा. बर्मा स्टार स्वच्छ. घासून स्वच्छ केला असता तर राजमुद्रेच्या खाचांत पॉलिशची पांढरी पूड अडकली असती. भिंगाखाली ती नव्हती. स्टार अस्सल आहे, ठशाने उठवलेला. नकली बहुधा ओतीव असतात, त्यांच्या कडा बोथट आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो. अस्सल खरा, पण या डब्यात राहिलेला नाही.

खरा पुरावा पॅसिफिक स्टारच्या फितीत होता. हिरव्या रंगावर एक आडवा, अरुंद पट्टा बाकीच्या फितीपेक्षा गडद राहिलेला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुईची भोकं. तिथे क्लास्प होता आणि इतकी वर्षं होता, की त्याच्याखालचा रंग उडाला नाही.

कॅप्शनच्या कागदांशी हे चोख जुळतं. पहिले कागद जानेवारी १९४२चे, सिंगापूरचे. सिंगापूर १५ फेब्रुवारीला पडलं आणि मलायासाठी पॅसिफिक स्टारची मुदतही त्याच दिवशी संपते. पुढचे १९४४चे, कोहिमा आणि इंफाळच्या रस्त्यावरचे. एका प्रिंटच्या पाठीवर सेन्सॉरच्या शिक्क्याखाली पेन्सिलीने २२ जून आणि 'मैल १०९' लिहिलंय. इंफाळचा जपानी वेढा फुटून कोहिमा आणि इंफाळ या दोन्हीकडच्या ब्रिटिश-भारतीय फौजा जिथे भेटल्या तीच जागा, तोच दिवस. म्हणजे आधी पॅसिफिक, नंतर 'बर्मा' अक्षरांचा क्लास्प. कुणीतरी पुढे क्लास्प उसवला, बर्मा स्टार विकत आणला आणि चार पदकांची पट्टी शिवून घेतली.

फसवायला केलं असेल असं मला वाटत नाही. कोहिमाची लढाई ज्याने कॅमेऱ्यात धरली, त्याच्या वाट्याला नखाएवढी पट्टी यावी हे घरच्यांना पटलं नसेल. मलाही तो नियम कधी पटलेला नाही. पण नियम होता आणि त्याच्या हक्काचं जे होतं ते उसवून हरवलं, याचा मला राग येतो.

आता वाद मांडणीवरून आहे. सहकाऱ्याचं म्हणणं, नवा क्लास्प शिवा आणि संच 'बरोबर' करा. बाजारात मिळतात त्यांतले बहुतेक क्लास्प नकली, आणि अस्सल मिळाला तरी तो याचा नव्हे. शिवाय नवे टाके पडले की जुनी भोकं गेली, आणि क्लास्प होता याचा आमच्या हातात तेवढाच पुरावा आहे. मी पट्टी उसवून तीन पदकं वेगळी ठेवली आहेत, गडद पट्टा दिसेल अशी. बर्मा स्टार त्याच खणात, पण स्वतंत्र क्रमांकाने, 'नंतर जोडलेला' अशा नोंदीसह. सहकाऱ्याची सही त्या नोंदीवर अजून झालेली नाही.