तोंडी आकडा

बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी मी काउंटरवर विचारलं, "खर्च किती येईल ते लेखी द्याल का?" समोरची मुलगी अशी बघत राहिली, जणू मी घासाघीस करतेय. मग तिने एक आकडा तोंडी सांगितला. मी हिशेबनीस आहे. तोंडी आकडा माझ्या वहीत कुठे लिहायचा?

पुन्हा मागितल्यावर कागद मिळाला. त्यावर एकच ओळ: 'पॅकेज'. त्यात काय धरलेलं नाही, हे खोदून विचारलं तेव्हा यादी निघाली. भूलतज्ज्ञांची फी वेगळी. आत बसवायची जाळी वेगळी, आणि तिचेही प्रकार. तपासण्या वेगळ्या. मुक्काम एक दिवस वाढला तर? खोली बदलली की डॉक्टरांच्या व्हिजिटचा दरही बदलतो, हे तर मला नवीनच होतं.

ऑपरेशन करताना काय निघेल हे आधी नेमकं सांगता येत नाही, मान्य. पण अंदाज म्हणजे हमी नव्हे. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून, उपचार आधी ठरलेले असतील तर विमा नसलेल्या रुग्णाला लेखी अंदाज द्यावाच लागतो. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं, तर १२० दिवसांत दाद मागता येते.

बाबा मात्र सारखे माझी ओढणी ओढत होते. "अगं, डॉक्टरांना काय वाटेल!" डॉक्टरांना काही वाटलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि जाळीचे दर स्वतः लिहून दिले.