ईरी, जून: वॉलआय पूर्वेला निघालेत

एप्रिलभर अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरातल्या ज्या खडकांनी आम्हाला वॉलआय मासे दिले, त्या नायगारा रीफवर ३० मेला सकाळी साडेपाचला पोचलो तेव्हा तिथे आमच्याखेरीज दोनच बोटी होत्या. तेव्हाच समजायला हवं होतं. दादा म्हणाला, "आलोच आहोत तर दहापर्यंत बघू." पाणी सतरा अंश सेल्सिअस, वारा नावापुरता. दहापर्यंत दोन मासे, दोन्ही लहान नर, दोन्ही परत सोडले. रीफचा हंगाम संपला, एवढीच त्या दिवसाची नोंद.

नव्याने येणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते, कारण जूनमध्ये ईरीवर रिकाम्या हाताने परतणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. एप्रिलमध्ये जिथे मासे मिळाले, ती जागा त्यांना सुटत नाही. वॉलआय मार्च-एप्रिलमध्ये, पाणी साधारण सहा ते दहा अंशांवर असताना, पश्चिम भागातल्या खडकांवर आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतात. अंडी घालून झाली की त्या खडकांवर त्यांचं काम उरत नाही. पोट भरायचं असतं, आणि पाणी तापत जातं तसतसे ते पूर्वेला सरकतात. मोठ्या माद्या जास्त लांब जातात. खुणेचे टॅग आणि ध्वनिप्रक्षेपक लावून सोडलेल्या माशांवरून हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

ईरी हे एकच सरोवर असलं तरी त्याचे तीन तुकडे धरून विचार करावा लागतो. पश्चिम भाग सरासरी चोवीस फूट खोल, मधला साठ फुटांच्या आसपास, आणि पूर्वेकडचा सगळ्यात खोल, तिथे तळ दोनशे दहा फुटांपर्यंत जातो. पॉइंट पेली ते सीडर पॉइंट अशी रेघ मारली की तिच्या पश्चिमेचं पाणी उथळ, लवकर तापणारं, जरा वारा सुटला की तळापर्यंत ढवळून निघणारं. पूर्वेचं पाणी उशिरा तापतं आणि जूनमध्ये हळूहळू थरांत विभागायला लागतं. आमचा सगळा जून या रेघेच्या आजूबाजूला गेला. आम्ही जागेचा हट्ट सोडला आणि पाण्याच्या मागे गेलो, म्हणूनच हा महिना हाताला लागला असं मला वाटतं.

७ जून. ओहायोतल्या ह्युरॉन गावाहून उत्तरेला, बत्तीस ते छत्तीस फूट पाण्यात. पृष्ठभागावर १९.५ अंश. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी खाली सोडली, ती नऊ फुटांवर दिसेनाशी झाली. ही तबकडी मी दर खेपेला सोडते. आमिषाचा रंग ठरवायचा तर दुकानातल्या सल्ल्यापेक्षा तिचं उत्तर मला जास्त खरं वाटतं. सहा फुटांच्या आत दिसेनाशी झाली तर पोपटी आणि नारिंगी पाती, दहाच्या पुढे गेली तर चांदी आणि जांभळा. त्या दिवशी मधलं पाणी होतं, म्हणून दोन्ही बाजूंना वेगवेगळे रंग लावले.

मांडणी अशी: दोन्ही बाजूंना प्लेनर बोर्ड (दोरी बोटीपासून बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळ्या), दोरीला एक औंसाचं वजन, त्यामागे गांडुळाचा हार्नेस (फिरती चमकती पाती आणि गांडूळ लावायचे गळ असलेली दोरी). बोटीचा वेग ताशी १.२ मैल, वजनामागे दोरी चाळीस ते साठ फूट. पहिला तासभर काही नाही. मग उत्तरेला एक फिकट तपकिरी पट्टा दिसला, पश्चिमेकडचं गढूळ पाणी जिथे संपतं तो काठ. आम्ही त्याला चिकटून, स्वच्छ बाजूने चाललो. पंधरा मिनिटांत डावीकडचा बाहेरचा बोर्ड हळूहळू मागे पडायला लागला. वॉलआय दणका देत नाही. बोर्ड बाकीच्यांची ओळ सोडतो, कुणी मागून हात धरून थांबवल्यासारखा. नवीन माणसाला ते कळतही नाही, तो गवत अडकलं समजतो. त्या सकाळी सात लागले. चार ठेवले, सगळ्यात मोठा २४ इंच. ओहायोच्या पाण्यात माणशी दिवसाला सहा ठेवता येतात आणि पंधरा इंचांखालचा परत सोडावा लागतो. सहा ठेवता येतात म्हणून सहा ठेवलेच पाहिजेत असं नाही, हे आमच्या घरचं ठरलेलं आहे.

मासा जाळ्यात आल्यावर एकदा त्याचा डोळा नीट बघा. पहाटेच्या अंधारात डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पडला की तो दुधी काचेसारखा चमकतो. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. गढूळ पाण्याचा काठ एवढा का चालतो, त्याचं कारणही यातच आहे. वॉलआय अंधाऱ्या बाजूला उभा राहून उजेडातल्यावर झडप घालू शकतो.

१४ जून. ही नोंद लिहिताना अजूनही हात शिवशिवतात. ११ पासून तीन दिवस ईशान्येचा वारा होता. त्या दिवसांत बाहेर पडलोच नाही. ईरी उथळ असल्यामुळे इथे लाट उंच नसली तरी आखूड आणि खडी येते, एकीतून नाक वर काढेपर्यंत दुसरी अंगावर असते. अंदाजात दोन ते चार फूट लिहिलेलं असलं की आमची अठरा फुटी बोट ट्रेलरवरच राहते, यावर आमच्यात वाद होत नाही.

१४ ला वारा पडला आणि आम्ही ७ तारखेच्याच जागी गेलो. साडेचार तासांत एक चावा. पहिला तासभर आम्ही रंग बदलत राहिलो, मग वजनं, मग वेग. तापमान बघायचं मात्र मला साडेआठपर्यंत सुचलं नाही. १६.८ अंश! आठवड्यात जवळजवळ तीन अंशांनी पाणी उतरलं होतं, आणि हवा तर गरम होती.

पूर्वेचा वारा वाईट, ही इथल्या जुन्या मच्छीमारांची समजूत मी बरीच वर्षं नुसती ऐकत होते. आता कारण कळलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात वारा वरचं पाणी सरळ पुढे न ढकलता जरा उजवीकडे वळवतो. पूर्व-ईशान्येचा वारा काही दिवस टिकला तर दक्षिण किनाऱ्याजवळचं वरचं गरम पाणी आत, सरोवराच्या मध्याकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. नैऋत्येचा वारा उलट करतो, गरम पाणी आपल्या किनाऱ्याला आणून लावतो. म्हणजे मासे संपले नव्हते, त्यांचं पाणी उठून गेलं होतं.

"दादा, वर घे सगळं," मी म्हटलं. त्याला पटलं नव्हतं, पण त्याने दोऱ्या गुंडाळल्या. उत्तरेला आठ मैल गेलो, डोळे तापमानावर. १७.२, १७.५, मग एका मैलाच्या आत १९. तिथे बोर्ड टाकले आणि पहिल्या फेरीत दोन, दुसऱ्या फेरीत तीन. दुपारी परत येताना दादा एवढंच म्हणाला, "उद्यापासून थर्मामीटर तू बघ." वारा दोन दिवसांहून जास्त एका दिशेने वाहिला असेल तर आता बोट पाण्यात घालण्याआधी मी ४५००५ क्रमांकाच्या बॉयाच्या (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या मोजणी-यंत्राच्या) नोंदी उघडते. पश्चिम ईरीतल्या या बॉयावर पाण्याचं तापमान, वारा आणि लाटा तिन्ही मिळतात.

मधे १७ तारखेला केलीज आयलंडच्या खडकांवर स्मॉलमाउथ बास या माशासाठी दोन तास गेलो. त्याबद्दल फारसं लिहीत नाही, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या दिवसांत नर बास घरट्यावर पहारा देत असतो. त्याला ओढून बोटीत घेतला, फोटो काढला, पाच मिनिटांनी सोडला, तेवढ्यात गोल डोक्याचे गोबी नावाचे लहान मासे घरट्यात शिरून अंडी खातात. गोबी इथले मूळचे नाहीत, १९९० मध्ये ते पहिल्यांदा सेंट क्लेअर नदीत सापडले आणि आता तळावर सगळीकडे आहेत. आमच्या शेजारच्या एका बोटीने एकाच घरट्यावरचा नर दोनदा काढलेला मी पाहिला. खूप वाईट वाटलं. घरट्यावरचा मासा ओळखू येतो: तो जागा सोडत नाही, फिरून तिथेच येतो. त्याला सोडा आणि खोल कडेला जा, तिथे घरटं सोडलेल्या माद्या असतात.

२२ ते २५ जून. मेफ्लाय आले, सरोवराच्या तळातून वर येणारे पंखवाले किडे.

संध्याकाळी सव्वानऊला बोटीचा दिवा लावला आणि अर्ध्या तासात डेक, दोऱ्या, दादाची टोपी, सगळं पंखांनी भरून गेलं. एक माझ्या मनगटावर येऊन बसला. पिवळसर अंग, उभे धरलेले पारदर्शक पंख, मागे शरीरापेक्षा लांब दोन शेपट्या. त्याला चावता येत नाही, खाताही येत नाही, पंख फुटल्यावर दोनएक दिवसच जगतो. त्याआधी मात्र दोन वर्षं सरोवराच्या चिखलात बीळ करून राहिलेला असतो. जूनच्या शेवटी हे थवे एवढे उठतात की हवामानाच्या रडारवर पावसाच्या ढगासारखे दिसतात.

मला त्यांच्याबद्दल फार माया आहे. १९५३ च्या सप्टेंबरात सलग शांत, उष्ण दिवस आले, पश्चिम भागातल्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि चिखलातले हे जीव प्रचंड संख्येने मेले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं पश्चिम ईरीत ते दिसेनासे झाले होते. १९७० मध्ये पाऱ्यामुळे वॉलआयची व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, तेही हेच सरोवर. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात पाण्याचा करार झाला, सांडपाण्यातलं फॉस्फरस कमी केलं गेलं, आणि १९९० नंतर मेफ्लाय परतले. गाडीच्या काचेवर त्यांचा चिकटा बसला की लोक वैतागतात. तळ जिवंत आहे याची ती खूण आहे, हे मी प्रत्येकाला सांगते.

आता माशांचं. मेफ्लाय आले की वॉलआय खायचे थांबतात असं सगळे म्हणतात. २२ ला आम्हीही तेच अनुभवलं. केलीज आयलंडच्या पूर्वेला अठ्ठावीस फूट पाण्यात मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मासे दिसत होते, तळाला चिकटलेले, आणि आमच्या नेहमीच्या हार्नेसला ढुंकूनही बघत नव्हते. शेवटी एकच लागला. घरी साफ करताना मी त्याचं पोट उघडलं. जठर ताणून गच्च भरलेलं होतं, आत फक्त चिखलातले निंफ, म्हणजे पंख न फुटलेले मेफ्लाय, एकावर एक, काही अजून हलत होते. मोजत गेले आणि साठपर्यंत जाऊन सोडून दिलं. मासा उपाशी नव्हता, पण खाणं थांबलेलंही नव्हतं. तो एका जागी उभा राहून इंचभर लांबीचं भक्ष्य टिपत होता, आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून चार इंचांची चमकती पाती ओढत होतो.

२४ ला सगळं लहान केलं. दोन पात्यांऐवजी एकच, तीन नंबरचं, तांब्याच्या रंगाचं. दोन गळांऐवजी एक. पूर्ण गांडुळाऐवजी अर्धं. बोर्ड ठेवून दिले, तळाला टेकत जाणारं बॉटम बाउन्सर लावलं, वेग ०.८ वर आणला. संध्याकाळी सात वाजल्यापासून पडद्यावर तळापासून वर उठणारं धुकं दिसायला लागलं, निंफ चिखल सोडून वर निघाले होते. त्या धुक्याखाली बाउन्सर तळावर टकटक करत चालला होता, ती टकटक रॉडच्या मुठीत जाणवत होती. मग टकटक थांबली, जडपणा आला. ओढलं नाही, टोक हळूच पुढे दिलं, मग उचललं. १९ इंच. अंधार पडेपर्यंत पाच. आजूबाजूच्या बोटी मोठे हार्नेस ओढत आमच्याजवळून गेल्या, त्यांच्या जाळ्याला पाणी लागलेलं मी एकदाच पाहिलं.

२५ ला हेच पुन्हा करून पाहिलं, चार आले. दोनच संध्याकाळी आहेत, त्यामुळे याला अजून कायदा म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी मेफ्लाय आले की घरी बसणार नाही, हे पक्कं.

या जूनमध्ये लागलेल्यांत सोळा ते वीस इंचांचे बरेच होते, ही आनंदाची गोष्ट आहे. ईरीचे वॉलआय एखाद्या वर्षी प्रचंड निपजतात आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्यावरच मासेमारी चालते. २००३ ची पिढी अशीच होती, पुढे २०१५ आणि २०१८ च्याही. २६ इंचांवरच्या तीन माद्या आम्ही सोडल्या. पाणी वीस अंशांच्या पुढे गेलं की सोडायचा मासा बाहेर फार वेळ ठेवू नका. मापपट्टी आधीच ओली करून ठेवा, जाळं पाण्यातच धरा, शेपूट मारेपर्यंत हात लावून ठेवा.

पुढचा बेत: ५ जुलैपासून व्हर्मिलियन आणि लोरेन या किनाऱ्यावरच्या गावांसमोर, पंचेचाळीस फूट आणि पुढे. तिथे थर आता नीट बसायला लागले असतील, म्हणून दर पाच फुटांवर तापमान घेऊन गरम पाण्याचा तळ कुठे आहे ते आधी लिहून काढायचं, मग डायव्हर (आमिष खोल नेणाऱ्या तबकड्या) आणि चमचे (चमच्यासारखी धातूची आमिषं) सोडायचे. वारा सध्या नैऋत्येचा आहे. दादाने काल चमच्यांचे सगळे गळ घासून ठेवलेत.