पंधरा वर्षांची जॅझ आणि वॅगन आरचे सतरा हप्ते

गुरुवारी आमची जॅझ एमओटीला, म्हणजे इंग्लंडमधल्या गाड्यांच्या दरवर्षीच्या तपासणीला, नापास झाली आणि शुक्रवारी दुपारी पास झाली. मधल्या एका रात्रीत घरच्या ग्रुपवर जे झालं, त्यामुळे आज लिहायला बसले आहे.

नापासाचा कागद मी बाबांना पाठवणार होते, तो चुकून ग्रुपवर गेला. पाचच मिनिटांत काकांचा आवाज आला. "काय गं, एवढं लांब इंग्लंडला जाऊन पंधरा वर्षांची जुनी गाडी घेतलीस व्हय? आमच्या इथं बघ, परवा नोकरीला लागलेली पोरं हप्त्यावर कोरी गाडी काढायलीत." काका प्रेमानंच बोलतात. पण मी नुकतीच रात्रपाळी करून आले होते आणि ते वाक्य मला लागलं.

आमच्या घरात 'हप्ता' हा शब्द साधा नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या पुरात सांगलीत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आमचं घर कर्नाळ रोडला. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण बाबांनी भिंतीवर करून ठेवलेली, आणि त्या खुणेच्या हिशोबानं त्यांनी वॅगन आर वरच्या बोळात नेऊन लावली. आम्ही सगळे विश्रामबागला आत्याकडे गेलो. पाणी २००५ ची खूण ओलांडून वर गेलं. उतरल्यावर बाबा चिखल तुडवत गाडीपाशी पोचले आणि त्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. किल्ली फिरवली.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. पाण्यात बुडालेली गाडी कधीही सुरू करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येतो तेव्हा कनेक्टिंग रॉडच वाकतो. विम्याचा सर्व्हेअर आला, सीट आणि वायरिंगचं त्यानं मान्य केलं आणि इंजिनवर काट मारली. पुराचं नुकसान वेगळं, गाडी सुरू करून झालेलं नुकसान वेगळं, असं पॉलिसीत लिहिलेलं होतं. इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर आम्ही घेतलेलं नव्हतं. ते वेगळं घ्यावं लागतं हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिनचा खर्च झेपणारा नव्हता. कर्जाचे सतरा हप्ते राहिले होते. बँकेची एनओसी मिळेपर्यंत आरसीवरचा बोजा उतरत नाही आणि बोजा उतरेपर्यंत गाडी भंगारातसुद्धा देता येत नाही. सप्टेंबर २०१९ पासून जानेवारी २०२१ पर्यंत ती गाडी ताडपत्रीखाली दारात उभी होती आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ६,४०० रुपये जात होते. मी तेव्हा मिरजेला दवाखान्यात नोकरीला होते. त्यातले आठ हप्ते माझ्या पगारातून गेले. दारातून बाहेर पडताना बाबा त्या ताडपत्रीकडे बघायचे नाहीत. मला ते दिसायचं.

हे माहीत असूनही काकांनी तसं म्हणावं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

इथे आले २०२२ मध्ये. आपल्या लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. ती पास होईपर्यंत मी बसनं जात होते. पहाटेच्या पाळीला बस नाही आणि टॅक्सीत पगार जायला लागला, तेव्हा गाडी घ्यायचं ठरलं. वॉर्डमधल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: पीसीपीवर (इथला एक हप्त्याचा करार) नवी घे. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "तुला जे झेपेल ते घे. पण घेशील ती तुझी असू दे."

म्हणून ३,२०० पौंडांची होंडा जॅझ. ६० नंबरची. इथल्या नंबर प्लेटवरून वय कळतं: सप्टेंबरमध्ये बदलणाऱ्या आकड्यातून ५० वजा करायचे. ६० म्हणजे २०१० चा सप्टेंबर ते २०११ चा फेब्रुवारी. मी राहते स्विंडनला, आणि ही गाडी इथल्याच कारखान्यात तयार झालेली. होंडाचा हा कारखाना २०२१ च्या जुलैत बंद झाला. गाडी विकणारे आजोबा त्यातच कामाला होते. त्यांनी काचेखालचा चेसिस नंबर दाखवला. जपानमध्ये बनलेल्या गाडीचा जे ने सुरू होतो, हिचा एस ने. मी त्यांना सांगितलं की आमच्या मारुतीचा एम ए ने व्हायचा. कागदावर न लिहिता त्यांनी तो लक्षात ठेवला असणार, कारण जाताना पुन्हा म्हणून दाखवला.

पण मला खरं लिहायचंय ते एमओटीच्या नोंदींबद्दल.

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तिची तपासणी होते. ही तपासणी सुरू झाली १९६० मध्ये. ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, धूर, गंज, सगळं बघतात. फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स. आपल्याकडे खाजगी गाडीला १५ वर्षांनी पासिंग येतं, तोवर धुराच्या पीयूसीशिवाय तिच्याकडे कुणी बघत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मला थक्क केलं ते पुढच्या भागानं. प्रत्येक तपासणीचा निकाल सरकारी संकेतस्थळावर असतो आणि तो कुणालाही बघता येतो. मालक असायची गरज नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीचा नंबर टाका. कधी नापास झाली, कशामुळे झाली, पास झाली तरी तपासणाऱ्यानं काय बजावलं, आणि त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, सगळं समोर येतं. पैसे लागत नाहीत.

गाडी घ्यायच्या आधी एका रात्री मी व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक वर्ष बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. २०१३, पास, २१ हजार मैल. २०१६ ला पुढचा डावा टायर झिजत आलाय अशी सूचना. २०१७ ला तो प्रश्न संपलेला. २०१९ ला एका हेडलाइटमुळे नापास आणि त्याच दिवशी पुन्हा पास. २०२० ते २०२१ वर्षभरात जेमतेम १,१०० मैल. बाबा थांबले आणि म्हणाले, "लॉकडाऊन." बरोबर. मला माझ्या वॉर्डमधला केसपेपर वाचल्यासारखं वाटलं. पेशंट काय सांगतो ते ऐकायचं, पण कागद बघून ठरवायचं.

सांगलीत जुनी गाडी घेताना आपल्या हातात काय असतं? मालकाचा शब्द आणि आपला मिस्त्री. मीटर मागे घेतलंय का, हे विचारायचीही लाज वाटते, कारण समोरचा ओळखीतलाच असतो. इथे कुणाला लाजायची वेळच येत नाही. बारा-तेरा वर्षांचे आकडे चढत्या क्रमानं समोर असतात. हे आपल्याकडे करायला काय अवघड आहे? वाहन नोंदणी सगळी ऑनलाइन झालीच आहे. पीयूसीवाल्याकडे गाडी जातेच. त्या वेळचं मीटर लिहून ते सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, तरी जुन्या गाडीच्या बाजारातली निम्मी फसवणूक थांबेल, असं मला मनापासून वाटतं. जुनी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा कमी पैशांचा असतो. फसवणूक झाली तर त्याला दुसरी संधी नसते. त्याला हे मिळायलाच हवं.

आणि हेही लिहिते, म्हणजे मी इकडचीच झाले असं कुणी म्हणायला नको. एक गोष्ट आपली चांगली आहे. आपल्या आरसीवर कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. इथल्या लॉगबुकवर नसतो. उलट हा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असं त्याच कागदावर छापलेलं असतं! गाडीवर कुणाचं कर्ज बाकी आहे का, हे बघायला एका खाजगी ठिकाणी पैसे भरून चौकशी करावी लागली. सांगलीच्या आरटीओत जे एका ओळीत कळतं त्यासाठी. बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

बघायला गेले तेव्हा सांगलीची विद्याच कामाला आली. २०१९ नंतर आपल्याकडे प्रत्येकजण ती शिकला आहे. बाबा फोनवर होते. "सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढ. टोकाला चिखलाची रेघ आहे का बघ. पायातलं कार्पेट उचलून वास घे. सीटच्या पट्ट्यांखाली हात घाल, गंज लागतोय का?" आजोबा बघत राहिले. मग त्यांनी विचारलं हे कुठे शिकलीस, आणि मी त्यांना कृष्णेबद्दल सांगितलं. त्यांनी चहा केला.

पीसीपीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण काकांना वाटतं तसा तो आपल्यासारखा हप्ता नाही. माझ्या मल्याळी मैत्रिणीनं २,००० पौंड आधी भरले, आता महिना २८९ पौंड, असे ४८ महिने. शेवटी एक मोठी रक्कम भरली तर गाडी तिची, नाहीतर परत द्यायची. वर्षात किती मैल चालवायची तेही ठरलेलं, जास्त झाले की मैलामागे पैसे. तोवर गाडी फायनान्स कंपनीची, मैत्रीण फक्त नोंदलेली वापरणारी. मात्र १९७४ च्या कायद्यानं तिला एक हक्क दिलाय. करारातली निम्मी रक्कम भरून झाली आणि गाडी नीट सांभाळलेली असली, की ती गाडी परत देऊन मोकळी होऊ शकते. हे ऐकलं तेव्हा मी जेवता जेवता थांबले. आपल्याकडे गाडी आपल्या नावावर आणि कर्जही आपल्या नावावर, त्यामुळे गाडी गेली तरी कर्ज राहतं. तिची गाडी तिची नाही, म्हणूनच ती सोडू शकते. मैत्रिणीला मी चुकीचं म्हणत नाही. तिची गाडी वॉरंटीत आहे, जानेवारीच्या सकाळी एका झटक्यात सुरू होते. माझी बॅटरी पहिल्याच हिवाळ्यात गेली आणि पहाटे साडेपाचला मी गोठलेल्या काचेसमोर अर्धा तास उभी होते. पण दोन वर्षांत तिचे ८,९३६ पौंड गेले. माझे गाडीचे ३,२००, बॅटरीचे ९५, चार टायर २६०, सर्व्हिसिंग १८० आणि या आठवड्याचे १४०. एकूण ३,८७५. विमा, टॅक्स, पेट्रोल दोघींनाही आहेच. राहिलेल्या पैशांतून कर्नाळ रोडच्या घराला वरचा मजला चढला. पुढच्या पुरात आई-बाबांना सामान वर नेता येईल. काकांना हा मजला दिसतो, गेल्या दिवाळीत ते तिथेच जेवले.

आता गुरुवारचं. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचं पोट खातं. तपासणाऱ्यानं मला बोलावून घेतलं, गाडी लिफ्टवर होती. टॉर्च मारून त्यानं मागच्या ब्रेकची नळी दाखवली. बोटानं पापुद्रा निघत होता. "ही फुटली असती तर तुम्हाला आधी कळलं नसतं," एवढंच म्हणाला. रागावला नाही, घाबरवलं नाही, इथेच काम करा असंही म्हणाला नाही. मीच तिथे करून घेतलं. लहानपणी बाबांबरोबर मिरज रोडच्या मिस्त्रींकडे जायची, तेही असेच गाडीखाली बोलावून दाखवायचे. "आत ये, बघ, मग पैसे दे." चांगल्या कारागिराला आपलं काम दाखवायची हौस असते, ती मला इथे पुन्हा भेटली.

शुक्रवारी पास झाल्यावर बाबांना फोन केला. काकांना ते आधीच बोलून आले होते, काय बोलले ते सांगितलं नाही. मला एवढंच विचारलं, "मीटर किती झालं?" कॅलेंडर बदललंय, पण ते पान त्यांनी काढून ठेवलेलं आहे.

"ब्याऐंशी हजार नऊशे चौदा."

पेनाचा आवाज आला. "आणि ब्रेकची नळी कुठली, डावी का उजवी?"

"डावी."

"मग पुढच्या वर्षी उजवी बघायला सांग," म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं.