‘सिग्नल गेला’ हे अपघाताचे कारण नव्हे

ड्रोन पडला की मालकाच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते बहुधा ‘सिग्नल गेला’ हेच. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावांत हौशी ड्रोन आता नवलाची वस्तू राहिलेली नाही, आणि पंखे तुटलेले किंवा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) वाकलेले ड्रोन दुरुस्तीसाठी माझ्याकडे येत असतात. स्क्रू उघडण्याआधी मी त्यातील उड्डाणाची नोंद वाचतो. रिमोट आणि ड्रोन यांच्यातील सिग्नल तुटल्याचा क्षण त्या नोंदीत अनेकदा खरोखरच सापडतो; परंतु ड्रोन पडतो तो त्यानंतर त्याने जे केले त्यामुळे, आणि तसे करण्याची आज्ञा त्याला जमिनीवर असतानाच मिळालेली असते. सिग्नल गेल्यास घरी परत यायचे, जागीच तरंगायचे, की असेल तेथे उतरायचे. परत यायचे तर किती उंचीवरून, आणि ‘घर’ म्हणजे नेमकी कोणती जागा, हे सारे उड्डाणापूर्वी ठरवता येते. ते ठरवणे, निदान काय ठरलेले आहे ते पाहून घेणे, हे वैमानिकाचे काम आहे.

माझ्याकडे आलेल्या एका ड्रोनचे उदाहरण सांगतो. कारंजा घाडगेकडील एका संत्र्याच्या बागेचे चित्रण करण्यासाठी एका तरुणाने तो उडवला होता. बाग आणि तो उभा होता तो धुरा यांच्या मधून उच्चदाबाची वाहिनी गेलेली होती. जाताना त्याने ड्रोन तारांच्या बराच वरून नेला, बागेवर पोहोचल्यावर खाली आणला, आणि झाडांच्या आड संपर्क तुटला. ड्रोनने आज्ञेप्रमाणे परतीची उंची गाठली व सरळ रेषेत घराकडे निघाला. परतीची उंची मात्र ३० मीटर एवढीच ठेवलेली होती. आपल्या वावरांतून जाणाऱ्या ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्यांचे मनोरे ४०-५० मीटर, कधी त्याहूनही उंच असतात. म्हणजे हा ड्रोन तारांच्या झोळातच शिरणार होता आणि तसाच तो शिरला. पुढे अडथळा ओळखणारे सेन्सर असते तरी त्यांवर विसंबता आले नसते, कारण बारीक तार त्यांना खात्रीने दिसत नाही, आणि बहुतेक ड्रोनमध्ये वेगाने उडवण्याचा स्पोर्ट मोड लावताच हे सेन्सर बंदच होतात. त्या दिवशी यंत्राने सांगितलेले सर्व काही बिनचूक केले होते.

परतीची उंची ही एकदा भरून विसरून जाण्याची गोष्ट नाही. ती उड्डाण जेथून झाले त्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासून नव्हे. नदीच्या पात्रातून ड्रोन उडवला आणि समोर टेकडी असली, तर पडद्यावरचा ५० मीटरचा आकडा त्या टेकडीच्या माथ्याला निरर्थक ठरतो. चिखलदऱ्याच्या पठारावर हाच हिशेब उलटा होतो. कड्यावरून उडवलेला ड्रोन दरीवर गेला की पडद्यावर ६० मीटर दिसत असतानाही तो खालच्या जमिनीपासून शेकडो मीटर वर असू शकतो, आणि कायद्यातील उंचीची मर्यादा जमिनीपासून मोजायची असते. (तेथे तर आधी वनविभागाला विचारणे भाग आहे, शेजारी मेळघाटचे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे.) म्हणून प्रत्येक नव्या जागी प्रथम डोळ्यांनी सर्वांत उंच वस्तू शोधावी, म्हणजे मनोरा, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी, जुने चिंचेचे झाड, आणि परतीची उंची त्याहून बरीच वर ठेवावी.

‘होम पॉइंट’ची, म्हणजे ड्रोन ज्या जागेला घर समजतो तिची गोष्ट याहूनही अधिक दुर्लक्षित आहे. उपग्रहांचा पुरेसा सिग्नल मिळण्याआधीच घाईने ड्रोन वर नेला, तर अनेक मॉडेलांत घराची नोंद तो सिग्नल मिळेल तेव्हा, म्हणजे ड्रोन हवेत जेथे असेल तेथील होते. ती जागा गावतलाव असू शकते, कालवा असू शकतो, शाळेचे पटांगणही असू शकते. वैमानिक निश्चिंत असतो की काही झाले तरी यंत्र आपल्या पायाशी येईल, आणि यंत्र प्रामाणिकपणे दुसरीकडेच उतरते. घराची नोंद झाल्याची सूचना ऐकू येईपर्यंत आणि नकाशावरील खूण आपल्याच जागी आहे हे दिसेपर्यंत थांबायला फार वेळ लागत नाही. होकायंत्राचेही तसेच आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून, टिनाच्या छपरावरून किंवा लोखंडी सळ्या भरलेल्या स्लॅबवरून उड्डाण करू नये आणि तेथे होकायंत्राचे कॅलिब्रेशन तर मुळीच करू नये. दिशेबद्दल गोंधळलेला ड्रोन गोल गोल फिरत दूर वाहवत जातो.

स्वतः जोडलेले एफपीव्ही ड्रोन (डोळ्यांवरच्या चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचे दृश्य पाहत उडवायचे) उडवणाऱ्या मुलांना मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. अशा ड्रोनमधील बीटाफ्लाइट या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये संपर्क तुटल्यावरची मूळ ठेवलेली कृती म्हणजे मोटर बंद करून खाली पडणे. जीपीएस बसवले म्हणून ड्रोन आपोआप परत येत नाही. त्यासाठीची व्यवस्था वेगळी चालू करून तपासावी लागते. रिसीव्हर (ड्रोनवरचा रिमोटच्या आज्ञा घेणारा भाग) शेवटची आज्ञा धरून ठेवण्यावर लावलेला असेल, तर रिमोट बंद पडल्यावरही मोटर त्याच जोराने फिरत राहू शकते, आणि हे पडण्यापेक्षाही भयंकर आहे. पंखे काढून ठेवावेत, ड्रोन मेजावर घट्ट धरावा, मोटर सुरू करून रिमोट बंद करावा आणि काय होते ते पाहावे. सॉफ्टवेअर बदलल्यावर, रिसीव्हर बदलल्यावर, किंवा दुसऱ्याचा रिमोट वापरताना ही चाचणी पुन्हा करावी. रिमोटच्या दांड्यांचा मोडही, म्हणजे कोणती दांडी कोणते काम करते ती मांडणीही पाहावी, कारण मोड २ ची सवय असलेल्या हातात मोड १ आला तर थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणारी दांडी, भलत्याच हाताला असतो.

आपल्या हवामानाविषयी काही बोलणे आवश्यक आहे. बऱ्याच हौशी ड्रोनसाठी निर्मात्याने दिलेली कमाल तापमानाची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेली हवा विरळ असल्यामुळे पंख्यांना तेवढ्याच वजनासाठी अधिक फिरावे लागते, मोटर आणि बॅटरी अधिक तापतात, आणि फुगलेली बॅटरी मध्येच दगा देते. उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवावे. मोटारसायकलच्या डिकीत तापलेली बॅटरी सावलीत निवू द्यावी, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. परतीच्या वाटेवर वारा समोरून असेल, तर जाताना लागलेल्या चार्जिंगच्या दुप्पटही परत येताना लागू शकते, हे ध्यानात ठेवून कमी बॅटरीच्या चेतावणीची पातळी वर ठेवावी.

हे सर्व कशासाठी, तर खाली माणसे असतात म्हणून. ड्रोनच्या किमतीचा विचार मी येथे करत नाही. ५० मीटरवरून निसटलेली वस्तू हवेचा अडथळा नसता तर जमिनीवर पोहोचताना ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने येते. हवेने वेग कमी होतो, तरी अर्ध्या किलोच्या ड्रोनने डोके फुटायला उरलेला वेग पुरेसा असतो. निंदण करणाऱ्या बायांनी किंवा पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या मजुरांनी आपल्या उड्डाणाला संमती दिलेली नसते. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना वरून चित्रण करण्याची हौस अलीकडे वाढली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. त्या आवाजाने एक जोडी बुजली तर गर्दीतली लेकरे तिच्या वाटेत येतात. आपले जनावर दुसऱ्याच्या वावरात शिरले तर ‘दावे तुटले’ एवढे सांगून आजवर कोणाची सुटका झालेली नाही. ड्रोनला वेगळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही.

कायद्यानेही तो लावलेला नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, तसेच व्यावसायिक कामासाठी नसलेल्या २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही. या सवलतीचा अर्थ अनेकांनी ‘काहीच लागत नाही’ असा करून घेतला आहे. पैसे घेऊन मायक्रो ड्रोनने लग्नाचे शूटिंग करणारा या सवलतीत बसत नाही. नॅनो सोडून इतर ड्रोनना तृतीय पक्षाचा विमा लागतो, आणि अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावर द्यावी लागते. हिरव्या क्षेत्रात (जेथे उड्डाणाला आधी परवानगी लागत नाही) उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट होते, आणि त्याहून जवळ परवानगीवाचून उडवता येत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या परिसरातील हौशी मंडळींनी जुन्या सवयीवर न जाता ड्रोनसाठीच्या हवाई क्षेत्रांचा नकाशा नव्याने पाहावा. आमच्याकडे पुलगावचे दारूगोळा भांडार आहे, भंडारा आणि भद्रावतीला आयुध निर्माणी आहेत. अशा ठिकाणांच्या आसपास नकाशा न पाहता ड्रोन काढणे अक्षम्य आहे. शिवाय आता शेतांवर फवारणीचे ड्रोनही फिरू लागले आहेत. शेजारच्या वावरात तसे काम चालू असेल, तर आपला ड्रोन खाली ठेवावा आणि त्यांचे काम होऊ द्यावे.

इतके करूनही ड्रोन पडू शकतो. एखादी घार झडप घालते, एखादी मोटर जळते. अशा वेळी सरळ उभ्या पिकात घुसू नये. फुटलेल्या बोंडांच्या पऱ्हाटीतून चार माणसे इकडेतिकडे फिरली तर ड्रोनपेक्षा अधिक नुकसान तेच करतात. वावराच्या मालकाला बोलवावे, नोंदीतील शेवटची जागा त्याला दाखवावी, त्याच्यासोबत तासातासाने जावे आणि मोडलेल्या झाडांची भरपाई तेथेच बोलून घ्यावी. ड्रोन विजेच्या तारेत गुंतला असेल तर काठीने तो काढण्याचा प्रयत्न न करता वीज कंपनीला कळवावे. आणि बॅटरी सापडेपर्यंत शोध थांबवू नये. आघाताने चेपलेली लिथियम बॅटरी काही वेळाने पेटू शकते, आणि ती वाळलेल्या सोयाबीनच्या गंजीजवळ किंवा कुटाराच्या ढिगात पडली असेल, तर पुढे काय होईल ते शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. अंधार पडेपर्यंत ती मिळालीच नाही, तर त्या जागेभोवती काठ्या रोवून मालकाला तसे स्पष्ट सांगून यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, आणि ती हाती येईपर्यंत त्या तुकड्यात मळणीयंत्र लावू नये अशी त्याला विनंती करावी.