तोजीच्या बाजारातले क्रौंच

सोनेरी मंदिर, बांबूचं बन, गिओनची गर्दी यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला जपानमधल्या क्योतोतलं सांगायचंय ते तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला भरणाऱ्या बाजाराबद्दल.

पाच मजली पॅगोडाच्या आसपास जुन्या किमोनोंचे ढीग मांडलेले असतात. एका आजीबाईंच्या दुकानात उचिकाके टांगलेला होता. नवरीनं सगळ्यांत वरून, पट्टा न बांधता घालायचा, जमिनीवर लोळणारा, घेराला कापूस भरलेला झगा. त्याच्या पाठीवर भरतकामातले क्रौंच उडत होते. मी वाकून बघायला लागले तसं आजींनी स्वतःहून तो उजेडाकडे वळवला. पिसांचं रेशीम बिनपिळाचं होतं. पीळ नसला की धागा सपाट बसतो आणि कापड हललं की चकाकी सरकत जाते. सोन्याचा धागा तर कापडातून आरपार नेलेलाच नव्हता. कागदावर सोन्याचा वर्ख चढवायचा, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, त्या रेशमाभोवती गुंडाळायच्या. असा धागा सुईच्या भोकातून ओढला तर सोलवटतो, म्हणून तो वरच ठेवून बारीक रेशमाच्या टाक्यांनी बांधतात. येवल्याच्या पैठणीत जर विणीतच असते. इथे ती नंतर, टाक्याटाक्यानं बसवलेली.

१६८३ मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या सेनाधिपतीच्या, सरकारनं बायकांच्या कपड्यांवर सोनं आणि भरतकाम वापरायला बंदी घातली होती. पुढे युझेन, म्हणजे कापडावर रंगानं काढलेली नक्षी, इतकी फोफावली, त्यामागे हेही एक कारण होतं. तरी भरतकाम टिकलं.

आणि शेजारच्याच दुकानात टोपलीभर कापलेले चौकोन! कपाखाली ठेवायला. एका तुकड्यावर क्रौंचाची मान, दुसऱ्यावर अर्धा पंख. माझा संताप संताप झाला. लोक हौसेनं घेत होते.

किमोनो उसवायचा नाही असं मी म्हणत नाहीये. तो उसवण्यासाठीच शिवलेला असतो. साधारण ३६ सेंटिमीटर पन्ह्याचं लांबलचक कापड, सगळे तुकडे सरळ, हाताचा धावदोरा. धुवायचा तर शिवण उसवून तुकडे पुन्हा जोडून लांब पट्टी करतात, धुऊन, खळ देऊन ताणतात आणि परत शिवतात. जुने किमोनो देवळाला दान देऊन त्यांची वेदीवरची वस्त्रंही होत आली आहेत. पण उसवलेलं पुन्हा जोडता येतं. भरतकामावर आडवी कात्री चालवली की कापलेल्या कडेला बिनपिळाचं रेशीम लगेच विस्कटायला लागतं. ते कोण सावरणार?



तोजीला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी मुंगीला शिरायला जागा नसते. घ्यायचाच तर अख्खा घ्या, डागाळलेला का असेना. बॅगेत मावत नाही म्हणून तुकडा घेऊ नका. त्या टोपलीला गिऱ्हाईक मिळतंय तोवर आणखी उचिकाके कापले जाणार.